बोलावणं आलंय, पण कुणाचं?

या वेळचं पत्र ब्रुकलिनहून आलंय. लांब आहे, म्हणून थोडं आटोपतं करून देते.

"ताई, मी मूळची कराडची. नऊ वर्षांपासून इथं एका वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका हैतीच्या. गेल्या जानेवारीत बाबा गेले. माझे व्हिसाचे कागद अडकले होते, त्यामुळे जाता आलं नाही. अग्नी दिलेला फोनवर पाहिला. अस्थी प्रीतिसंगमावर सोडल्या, तेव्हा इथं मध्यरात्र होती आणि मला कुणी उठवलंही नाही. मार्चपासून एकच स्वप्न पडतंय. पांढरा साप पाण्यातून वर येतो आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवतो. भीती अजिबात वाटत नाही. कामावरच्या एका मावशींना सांगितलं, तर त्या गप्प झाल्या आणि एवढंच म्हणाल्या, 'दांबाला.' त्यांच्या ओळखीच्या घरी वूडूचा समारंभ होता, तिथं मला घेऊन गेल्या. ढोल सुरू झाले आणि माझे पाय थरथरायला लागले. रडू थांबेना. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. इंटरनेटवर एका बाईंची ओळख झाली. त्या म्हणतात, देवानं तुझ्यावर हक्क सांगितलाय, तीन महिन्यांत दीक्षा घे, नाहीतर आजार मागे लागेल. सात हजार डॉलर सांगितलेत. भाऊ बाबांचं घर परस्पर स्वतःच्या नावावर करतोय हे त्यांना बोलून गेले, तर त्याच्यावर 'काम' करून देते असंही म्हणाल्या. माझ्या आजीच्या, म्हणजे बाबांच्या आईच्या, अंगात यायचं. बाबांना त्याची लाज वाटायची, घरात तो विषय निघायचा नाही. मला खरंच बोलावणं आलंय का? की मी वेडी होतेय? — एक कराडकर"

प्रिय कराडकर,

तुला 'तू'च म्हणते. पत्र वाचल्यावर 'तुम्ही' तोंडात येईना.

शेवटचा प्रश्न आधी घेते. तू वेडी होत नाहीयेस. वडील गेले, त्यांचं तोंड शेवटचं बघता आलं नाही, आणि सात महिने एक स्वप्न मांडीवर येऊन बसतंय. यात वेडेपणा कुठं आहे? पण एक विचारते आणि त्याचं उत्तर स्वतःशी खरं दे. झोप लागते का? जेवण जातं का? तो साप, किंवा जागेपणी एखादा आवाज, तुला काही करायला सांगतो का, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं काही? यातलं काहीही असेल, तर उद्याच डॉक्टरकडे जा. तसं नसेल, तरीही दुःखाबद्दल बोलायला एखादा समुपदेशक गाठ. त्यानं तुझं स्वप्न खोटं ठरत नाही. शहाणी मांबो, म्हणजे व्होदूची पुजारीण, तुला हेच सांगेल. (तू 'वूडू' लिहिलंयस, त्या हैतीच्या धर्माला तिथली माणसं 'व्होदू' म्हणतात.)

आता बोलावण्याबद्दल.

मी पंधरा वर्षं बॉस्टनमध्ये काढली. मॅटापॅन भागात हैतीची खूप कुटुंबं आहेत, आणि माझ्या कामामुळे त्यातल्या काहींशी घरोबा झाला. अशाच एका घरी बेसमेंटमध्ये मी पहिल्यांदा समारंभ पाहिला. पाहुणी म्हणून, पांढरी साडी नेसून, कडेच्या घडीच्या खुर्चीवर बसून. खोलीच्या मधोमध एक खांब होता. तिकडं त्याला 'पोतो मितां' म्हणतात, देव त्याच खांबावरून उतरतात. एका उघड्यावाघड्या माणसानं खाली वाकून चिमटीतून मक्याचं पीठ सोडायला सुरुवात केली. अंगठा आणि तर्जनी, पिठाची बारीक सलग रेघ, हात न थांबता वळणारा. मी खुर्चीवरून अर्धी उठले. रांगोळीचा हात होता तो. जागरण-गोंधळाला चौक भरतात ना, तसंच त्या आकृतीला काम असतं. तिला 'वेवे' म्हणतात, प्रत्येक देवाची वेगळी. आणि पुढं नाचणाऱ्यांच्या पायांखाली ती पुसली गेली की कुणाला हळहळ वाटत नाही, कारण पुसली जाण्यासाठीच ती काढलेली असते.

पहिला मान लेग्बाचा. तो वेशीवरचा म्हातारा, काठी टेकत येणारा. त्यानं दार उघडल्याशिवाय पुढचं कुणी येत नाही. मग दांबालाची, म्हणजे सर्परूपातल्या देवाची, गाणी सुरू झाली. पन्नाशीची एक बाई, जी तासाभरापूर्वी मला बाथरूम कुठं आहे ते दाखवून गेली होती, ती उभ्याची आडवी झाली आणि फरशीवर पोटानं सरपटायला लागली. तोंडातून फक्त फुत्कार. दांबाला बोलत नाही. चार जणींनी लगेच तिच्यावर पांढरी चादर धरली. पांढऱ्या बशीत पिठाच्या ढिगावर अंडं ठेवून पुढं केलं. तिनं हात न लावता तोंडानं अंडं फोडलं. कुणी किंचाळलं नाही, कुणी फोटो काढला नाही. दहा-बारा मिनिटांनी ती उठून बसली, पाणी प्यायली, काय झालं ते शेजारणीला विचारलं, आणि थोड्या वेळानं सगळ्यांना भात वाढत होती.

हे मी कुतूहल म्हणून सांगत नाही. मी कुडाळच्या बाजूची. आमच्याकडं मामांवर अवसर यायचा. तुमच्याकडं अंगात येणं म्हणतात, वारं येणं म्हणतात. ज्याच्यावर येतं त्याला आपण 'झाड' म्हणतो. हैतीत त्याला 'श्वाल' म्हणतात, म्हणजे घोडा. देव घोड्यावर स्वार होतो. शब्द वेगळे, पण एक गोष्ट दोन्हीकडं तीच: ते झाड किंवा तो घोडा एकटा कधीच नसतो. मामांच्या भोवती गुरव होता, मानकरी होते, कौल घ्यायला आलेलं गाव होतं. भलतंच काही तोंडातून आलं, तर 'हा देव नव्हे' म्हणायचा अधिकार त्या लोकांना होता आणि ते तसं म्हणायचेही. त्या बेसमेंटमध्ये चादर धरणाऱ्या चार जणी होत्या. तुझ्या त्या इंटरनेटच्या बाईंकडं चादर धरायला कोण आहे?

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: बोलावणं असू शकेल. मी ते नाकारणार नाही. व्होदूतच यासाठी शब्द आहे. ल्वा, म्हणजे तिथले देव, माणसावर हक्क सांगतात, त्याला 'रेक्लामे' म्हणतात. स्वप्नातून सांगतात, कधी आजारातून, लागोपाठच्या अडचणींतून. पण हक्क कुणी सांगितलाय हे ज्याला स्वप्न पडलं त्यानं ठरवायचं नसतं. ते घर ठरवतं. 'घर' म्हणजे मांबो किंवा उंगान (पुरुष पुजारी), त्यांची दीक्षा घेतलेली माणसं, त्यांचे गुरू, त्यांचे मेलेले. पत्ते मांडून पाहतात, पुन्हा पाहतात, तुला येता-जाता पाहतात. त्याला महिने लागतात, कधी वर्षं. कावेबाज माणूस मात्र पहिल्याच फोनवर देवाचं नाव सांगतो.

स्वप्नात साप आला म्हणजे दांबालाच, हेही घाईचं आहे. मावशींना तो दांबाला वाटला, कारण त्यांच्या घरात पांढरा साप म्हणजे दांबाला. तुझ्या घरात? नागपंचमीला भिंतीवर गंधानं नाग काढून त्याला दूध-लाह्या दाखवणाऱ्या घरातली तू. आपल्याकडं घरातलं माणूस गेल्यावर अंगणात साप निघाला, तर म्हातारी माणसं त्याला मारू देत नाहीत. 'आपलंच कुणी आलंय' म्हणतात.

आणि ज्या धर्माकडं तू ओढली जातेयस, तो या बाबतीत काय म्हणतो ते ऐक. हैतीच्या व्होदूत माणूस मेला की त्याचा जीव एक वर्ष आणि एक दिवस पाण्याखाली राहतो असं मानतात. गार, अंधारं पाणी. मग घरच्यांनी विधी करून त्याला पाण्यातून वर काढायचं असतं, तेव्हा कुठं तो पूर्वजांत जाऊन बसतो आणि मागच्यांना सांभाळू लागतो. तसं काढलं नाही, तर तो तिथंच थांबतो आणि आठवण करून देत राहतो.

तुझे बाबा जानेवारीत गेले. अस्थी कृष्णा-कोयनेच्या संगमात सोडल्या आणि तुला कुणी उठवलं नाही. मार्चपासून पाण्यातून काहीतरी वर येतंय आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवतंय.

ते बाबाच आहेत असं मी म्हणत नाही. मी ते म्हणू शकत नाही, मलाही तो अधिकार नाही. पण जुन्या वळणाच्या कुठल्याही मांबोसमोर तू बसलीस, तर दीक्षेची गोष्ट काढण्याआधी ती मेलेल्यांची चौकशी करेल. मला केली होती. समारंभ संपल्यावर त्या घरच्या मांबोनं मला स्वयंपाकघरात बसवून विचारलं, तुझे मेलेले कोण? मी आजीचं नाव सांगितलं. तिची आई? मला माहीत नव्हतं. आजीच्या मांडीवर मी वाढले आणि तिच्या आईचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्या बाईनं मला बोल लावला नाही. समोर पेलाभर पाणी ठेवलं आणि म्हणाली, आधी ते शोध, मग ये. तिथून घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये माझं डोकं वर झालं नाही.

पुढचं जरा कडक बोलते, कारण तुझं भलं व्हावं असं मनापासून वाटतं.

'वूडू'बद्दल तू काही ना काही वाचलं असशीलच. टाचण्या टोचलेली बाहुली आणि चालती प्रेतं ही बहुतेक सगळी सिनेमावाल्यांची देणगी. त्यातला पहिला मोठा झोंबीपट 1932 चा, अमेरिकन सैन्य हैतीवर ताबा ठेवून होतं त्याच काळातला. तो ताबा 1915 ते 1934 होता. परक्या देशात सैन्य ठेवायचं, तर तिथली माणसं रानटी आहेत हे घरच्यांना पटवावं लागतं. खरा व्होदू त्याआधीपासून वेदनेतून आलाय. आजच्या बेनिनच्या भागातली 'फॉन' नावाची भाषा बोलणारी माणसं, काँगोकडची माणसं, अशा कितीतरी लोकांना गुलाम करून फ्रेंचांनी सां-दोमांग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यात जुंपलं. 'वोदुन' हा फॉन भाषेतला शब्द, अर्थ देव, शक्ती. 1685 च्या फ्रेंच कायद्यानं प्रत्येक गुलामाचा बाप्तिस्मा सक्तीचा केला. तेव्हा त्यांनी सेंट पॅट्रिकच्या तसबिरीतल्या सापांत दांबाला पाहिला आणि पूजा चालू ठेवली. 1791 च्या ऑगस्टमध्ये ब्वा कायमानच्या रानात रात्री समारंभ झाला. बुकमान नावाचा पुढारी आणि सेसिल फातिमान ही मांबो यांची नावं त्या रात्रीशी जोडलेली आहेत. थोड्याच दिवसांत मळे पेटले, आणि 1 जानेवारी 1804 ला गुलामांनी स्वतःचा देश उभा केला. त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून फ्रान्सनं 1825 मध्ये त्यांच्याकडूनच 15 कोटी फ्रँक मागितले.

त्यानंतरही या धर्माला निवांतपणा मिळाला नाही. 1941-42 मध्ये चर्चनं मोहीम काढून ढोल आणि देव्हारे जाळले. अधिकृत धर्म म्हणून मान्यता मिळाली ती 2003 मध्ये. आणि 2010 च्या भूकंपानंतर कॉलरा पसरला, तेव्हा तो व्होदूवाल्यांनी करणी करून आणला असं म्हणत जमावांनी चाळीसहून जास्त माणसं मारली, त्यात बहुतेक उंगान आणि मांबो होते. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मावशी 'दांबाला' म्हणून गप्प का झाल्या, ते यावरून ध्यानात घे. त्यांनी तुला घरात नेलं, ही फार मोठी गोष्ट केली.

बाहेरच्या माणसाला हे दार बंदच असतं असं नाही. कॅथरीन डनहॅम ही अमेरिकन नर्तिका आणि मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी. ती 1935-36 च्या सुमारास हैतीत गेली. काळी होती, पण हैतीची नव्हती. तिनं 'लावे तेत', म्हणजे डोकं धुण्याची पहिली दीक्षा घेतली, आणि तिचा देव ठरला तो दांबालाच. आता पुढचं बघ. 1992 मध्ये हैतीतून होड्यांनी येणाऱ्या निर्वासितांना अमेरिका परत पाठवत होती, तेव्हा ही बाई 82 वर्षांची होती. तिनं 47 दिवस उपास केला. पन्नासहून जास्त वर्षं झाली होती तिच्या दीक्षेला. मला विचारशील तर बोलावणं खरं होतं की नाही हे त्या उपासावरून कळतं. तिथली माणसं स्वतःला 'व्होदूवादी' वगैरे म्हणत नाहीत, 'मी ल्वांची सेवा करते' म्हणतात. सेवा म्हटली की तिच्यामागून माणसं येतात. मावशींच्या मुलाचे कागद अडकले तर तू त्यांच्याबरोबर वकिलाकडं जाशील का? क्रेओल शिकशील का? देवांची गाणी त्या भाषेत आहेत, आणि दांबाला बोलत नसला तरी बाकीचे बोलतात. कोंबडा, बकरा कापला जातो, ते रक्त बघशील का? घरी शाकाहार असेल तर हा प्रश्न आत्ताच स्वतःला विचार, दीक्षेच्या खोलीत नको.

सात हजार डॉलर. पैसे मागितले म्हणून मी कुणाला भामटं म्हणणार नाही. पूर्ण दीक्षेला, ज्याला 'कांझो' म्हणतात, खरोखरच हजारो डॉलर लागतात: ढोलवाले, कपडे, जनावरं, कितीतरी दिवसांचा स्वयंपाक, बाहेरून येणारे पुजारी. माणसाला काही दिवस बंद खोलीत झोपवून ठेवतात, आणि बाहेर वीस माणसं राबत असतात. माझा आक्षेप त्या 'तीन महिन्यांत, नाहीतर आजार' या वाक्याला आहे. तुला न भेटता, तुझ्या घरचं पाणी न पिता, तिनं तारीख आणि धमकी दोन्ही दिली. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, त्यात अंगात दैवी शक्ती आल्याचं भासवून माणसाला भीती घालणं आणि 'माझं ऐकलं नाहीस तर वाईट होईल' अशी धमकी देणं हा सरळ गुन्हा आहे. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले, आणि त्यांचा खून झाल्यावर तो आला. न्यूयॉर्कला तो लागू नाही, पण कसोटी म्हणून तुझ्या उशाशी असू दे. त्या बाईंना एक डॉलरही पाठवू नकोस. त्या हैतीत ये म्हणाल्या, तर मुळीच जाऊ नकोस. तिथली राजधानी पोर्तोप्रिन्स बहुतांशी टोळ्यांच्या हातात आहे, आणि तुझे कागद आधीच अडकलेले.

भावाचं बघते.

तुझा राग मला कळतो. परस्पर अस्थी सोडल्या, परस्पर घर नावावर करायला घेतलं. पण त्याच्यावर 'काम' करायला सांगू नकोस. व्होदूत जादू नाही असं मी खोटं सांगणार नाही. आहे. पुजाऱ्याला दोन्ही हातांनी काम करता येतं असं म्हणतात, बरं करायचा हात आणि दुसरा. विकत घेतलेल्या शक्तीही असतात. पण जाणती माणसं त्यांच्या वाटेला बिचकत जातात, कारण वंशातून आलेला देव सांभाळून घेतो आणि विकत घेतलेला देव हिशेब मागतो, कधी घेणाऱ्याच्या मुलाबाळांकडून. आपल्याकडं करणीबद्दल वेगळं काय म्हणतात? आणि ज्या बापासाठी तू रडतेयस, त्याच बापाच्या मुलावर तू दुसरा हात चालवायला सांगणार, तोही त्याचं वर्ष व्हायच्या आत?

घराला औषध आहे, ते कराडच्या वकिलाकडं मिळेल. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर त्यांचं स्वकष्टाचं असेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, भाऊ आणि तू यांचा सारखा वाटा. आजी हयात असेल तर तिचाही. वडिलोपार्जित असेल, तर 2005 च्या दुरुस्तीनं मुलीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातली उरलीसुरली शंकाही काढून टाकली. मिळकत पत्रिकेचा उतारा ऑनलाइन काढ, नाव फिरवायचा अर्ज आलाय का ते बघ, हरकत नोंदव. हक्कसोडपत्रावर सही करू नकोस, 'फक्त सोयीसाठी' म्हणून पाठवलं तरी. वकिलाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल, तर न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घेता येतं. आणि कागद पाठवायच्या आधी भावाला एकदा फोन कर. घराचं बोलू नकोस. 'त्या रात्री मला उठवलं का नाहीस' एवढंच विचार. कदाचित तो म्हणेल, तू झोपली होतीस, रडून थकली होतीस, म्हणून नाही उठवलं.

मावशींचा हात सोडू नकोस. त्यांना सगळं सांग, त्या बाईंबद्दलही. जवळपास कोण खरं कोण खोटं हे त्यांना इंटरनेटपेक्षा चांगलं माहीत असेल. 1 आणि 2 नोव्हेंबरला गेदेंचा, म्हणजे मेलेल्यांच्या ल्वांचा, सण असतो. जांभळे-काळे कपडे, स्मशानात मेणबत्त्या, मिरच्या घातलेली दारू, आणि गेदे तर असे वाह्यात बोलतात की तुला आधी धक्काच बसेल. मेलेल्यांना आता कुणाची भीती नसते म्हणून ते तसे. आपली सर्वपित्री नुकतीच झाली, त्यांची येतेय. मावशी नेतील तर जा. पाहुणी म्हणून जा, हात रिकामा ठेवू नकोस, विचारून काय लागतं ते ने, आणि स्वयंपाकघरात मदत कर. पाय थरथरले तर थरथरू देत. कडेला बस, कुणाला तरी सांगून ठेव. आपली वर्णी लागल्यासारखं पुढं घुसायचं नाही.

घरी देव्हारा मांडू का, असा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मनात असणार. ल्वांचा मांडू नकोस. वेवे काढू नकोस, इंटरनेटवर बघून तर नाहीच. ज्याला बोलावलं त्याला जेवायला काय घालायचं, आणि परत कसं पाठवायचं, हे माहीत नसताना दार उघडू नये. बाबांचा फोटो मात्र ठेव. पांढरं स्वच्छ फडकं, निरंजन, पेलाभर पाणी, रोज बदलायचं. हे तुझ्या आजीच्या घरीही बसतं आणि मावशींच्याही.

जानेवारीत वर्ष होईल. कागद झाले तर जा, रजेचा अर्ज आत्ताच टाक. नाही झाले, तर तिथी बघून ब्रुकलिनलाच कर. गुरुजी मिळतील, नाही मिळाले तर स्वतः पाणी सोड. बाईनं करू नये म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. वर्षश्राद्ध झाल्यावर स्वप्न थांबलं, तर तुला उत्तर मिळालं. नाही थांबलं, साप येतच राहिला, तर मला पुन्हा लिही. मग मावशींच्या ओळखीच्या मांबोकडं दांबालाचं विचारायला तू मोकळ्या हातांनी जाशील, आणि मी तुला अडवणार नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. तुझ्या आजीच्या अंगात कोण यायचं? तू नुसतं 'यायचं' एवढंच लिहिलंयस. देवाचं नाव नाही, आजीचंही नाव नाही. यल्लम्मा होती, की भैरोबा, की खंडोबा, की घरातलंच कुणी जुनं माणूस? ते यायचं थांबलं कधी, आणि कुणी थांबवलं? बाबांना कशाची लाज वाटायची, ते तुला आता त्यांना विचारता येणार नाही. पण आत्या असेल. नसेल तर आजीच्या शेजारपाजारची कुणी म्हातारी असेलच. तिला विचार, आणि आजीच्या आईचं नावही विचार, लिहून ठेव. सकाळी चहाच्या वेळी म्हातारी माणसं मोकळी बोलतात. कराडला सकाळचे सात म्हणजे तुझ्याकडं आदल्या रात्रीचे साडेनऊ.